भंगारवाल्याच्या आधीचा आठवडा

मी कोपरीत राहतो आणि गेली बावीस वर्षं तोडकामावर सुपरवायझर आहे. नौपाडा, कळवा, वाशी, नेरूळ, जिथे जिथे इमारती रिडेव्हलपमेंटला जातात तिथे रहिवाशांचा एकच प्रश्न असतो: ब्रेकर, म्हणजे तोडायचं मशिन, कधी लागणार? माझा प्रश्न वेगळा. भंगारवाला कधी शिरणार?

आमच्या धंद्यात बहुतेक वेळा पाडणाराच बिल्डरला पैसे देतो, कारण ग्रिल, दारं, वायरी, पाइप, सळई सगळं त्याचं. त्यामुळे शेवटच्या कुटुंबाचा टेम्पो गेटबाहेर पडला की त्याच संध्याकाळी भंगारवाल्याची पोरं हातोडे घेऊन जिन्यात असतात. आणि जुन्या इमारतीतलं विष भिंतीत कमी, या सामानातच जास्त असतं. पत्रे, पाइप, ट्यूब, चोक, बॅटऱ्या, एसी. ब्रेकर येईपर्यंत ते सगळं फुटून डेब्रिजमध्ये मिसळलेलं असतं. मग वेगळं काय करणार, कपाळ? म्हणून मी रिकामी इमारत आठवडाभर मागतो. मिळतात चार दिवस. त्यात काय करायचं ते सांगतो.

सुरुवात कागदापासून. पाडकामाच्या करारात एक वाक्य घालून घ्या: सिमेंटचे पत्रे, ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप, ट्यूबलाइट, चोक-कंडेन्सर, बॅटऱ्या, एसी-फ्रिजमधला गॅस आणि गाळ्यांतली रसायनं भंगारात धरलेली नाहीत, ती आधी वेगळी काढायची आणि विल्हेवाटीचा खर्च अमुक पार्टीचा. खर्च कुणाचा हे लिहिलं नसेल तर माल रात्रीच्या डंपरने खाडीकडे जातो, हे मी पाहिलेलं आहे.

मग टॉर्च आणि लाल स्प्रेचा डबा घेऊन फेरी, जिथे असं सामान दिसेल तिथे फुल्ला मारायचा. एकट्याने नाही. सोबत सोसायटीतलं सगळ्यात जुनं माणूस घ्या. नकाशात जे नसतं ते त्यांच्या डोक्यात असतं. वाशीच्या एका सिडको सोसायटीत मी सेक्रेटरी काकूंना घेऊन फिरत होतो. तळमजल्यावरच्या बंद गाळ्यासमोर त्या सहज म्हणाल्या, "इथे आधी दातांचे डॉक्टर बसायचे हो." पोटमाळ्यावर शोधलं. धुळीत बोटाएवढी बाटली. उचलली तर हात खाली गेला, एवढीशी बाटली दगडासारखी जड. पारा. पूर्वी दात भरायच्या मसाल्यात तो मिसळायचे. पोरांच्या हातोड्याखाली ती फुटली असती तर मणी फरशीच्या सांध्यांत शिरले असते आणि वाफ तिथल्या प्रत्येकाच्या छातीत गेली असती. बाटली झाकण घट्ट करून, जाड प्लॅस्टिकच्या डब्यात कापडात बसवून बाजूला ठेवली. दवाखाना होता म्हटलं की जुनं बीपीचं यंत्रही शोधा. त्यात एका ट्यूबलाइटच्या हजारो पट पारा असतो.

आता पत्रे. ठाण्यात पावसाळी शेड नसलेली गच्ची शोधून दाखवा. तो करडा, लाटांचा सिमेंटचा पत्रा म्हणजे बहुधा ॲस्बेस्टॉस. जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूचे करडे, जाड भिंतीचे, वर तोंड रुंद असलेले पावसाचे आणि संडासाचे पाइपही तेच. फुटलेल्या कडेला केसासारखे तंतू दिसतात. अलीकडचे काही पत्रे बिनॲस्बेस्टॉसचे आहेत, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. ओल्या कपड्यात धरून छोटा तुकडा काढा, दोन पिशव्यांत घालून एनएबीएल मान्यतेच्या लॅबला पाठवा. तेवढा वेळ नसेल तर ॲस्बेस्टॉसच समजून चाला.

पत्रा जागेवर अख्खा असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. फोडला, कापला, घासला की तंतू उडतात, आणि ते इतके बारीक की उन्हाच्या तिरिपेतही दिसत नाहीत. फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. आजार उगवतो वीस ते चाळीस वर्षांनी, म्हणून साइटवर कुणालाच पटत नाही. २००४ साली कळव्यात मी स्वतः एका चाळीचे पत्रे ग्राइंडरने कापलेत, तोंडाला रुमाल बांधून. घरी गेल्यावर बायकोने तोच शर्ट झटकून धुतला. नवऱ्याचे असले कपडे धुऊन बायका आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून माझ्या साइटवरून कामाचे कपडे घरी जात नाहीत.

पत्रा काढायची पद्धत अशी. पत्र्यावर चढायचं नाही, म्हणजे नाहीच. जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही. आमचा एक मुकादम असाच आरपार खाली आला, खुबा मोडला, तो आता रिक्षाही चालवू शकत नाही. खालून बांबूची परांची उभारा, फळ्या टाका, बेल्ट लावा. पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवा. पाठीवरचा फवारणीचा पंप चांगला, बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचं एक झाकण टाका म्हणजे पाणी ओघळून न जाता मुरतं. जोराचा पाइप मारू नका, त्याने तंतू सुटतात. हुकाचे नट गंजलेले असणारच. पोरगं लगेच ग्राइंडर मागतं. देऊ नका. बोल्ट कटरने हुक खालून तोडा आणि भोकाभोवती पुन्हा पाणी मारा. पत्रे बसवले त्याच्या उलट क्रमाने निघतात, म्हणजे आधी माथ्यावरची टोपी, मग वरचे, मग खालचे. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, ओला झाला की आणखी. दोघांनी उचलायचा, दोरीने सोडायचा. वरून फेकलेला एक पत्रा सगळ्या दिवसाची काळजी वाया घालवतो.

खाली २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरलेलं हवं. थप्पी करा, दोनदा गुंडाळा, चिकटपट्टी मारा आणि मोठ्या अक्षरांत लिहा: ॲस्बेस्टॉस, फोडू नका. पाइपाचंही तसंच. क्लॅम्प सोडवून सांध्यापासून अख्खी लांबी काढा. सांधा हट्टी असेल तर ओलं गोणपाट गुंडाळून हातकरवत, वरून पाण्याची धार चालू. संपल्यावर झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही त्याच पिशवीत टाकायचं.

मास्क रबरी, अर्ध्या चेहऱ्याचा, पी-१०० लिहिलेल्या फिल्टरचा, ते बहुधा गुलाबी असतात. सर्जिकल मास्क आणि रुमाल बांधणं म्हणजे नुसतं समाधान. दाढी असेल तर मास्क कडेने बसत नाही, त्यामुळे पत्र्यावर दाढीवाला माणूस मी लावत नाही. एकदा त्यावरून भांडण झालं, पण दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत होऊन आला. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा, आधी कपडे, मग तिथेच आंघोळ.

आणि एक गोष्ट. थप्पी दिसली की मुरबाड-शहापूरकडचा कुणीतरी येतोच: "दादा, गोठ्यावर टाकतो, चार पत्रे द्या." द्यायचे नाहीत. वाईट वाटतं, कारण दुकानात नवा पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा पत्रा आजही कायदेशीर मिळतो आणि मी मात्र जुना नाकारतो. पण भोकं पडलेला, कडा फुटलेला पत्रा तो पुन्हा ठोकणार, कापणार, गुरांवर आणि पोरांवर भुगा पाडणार.

ट्यूबलाइट जिन्यातून आणि मीटर रूममधून अख्ख्या काढून जुन्याच खोक्यांत उभ्या ठेवा. फुटलीच तर माणसं बाहेर, खिडक्या उघड्या, पंधरा मिनिटं थांबा, मग जाड कागदाने गोळा करा आणि बारीक कण चिकटपट्टीने उचला. व्हॅक्यूम लावू नका, तो पारा हवेत फेकतो. जुन्या जड चोकसोबतचा डबीसारखा कंडेन्सर तेलकट झाला असेल तर उघडू नका. जुन्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, ते कातडीतूनही शिरतं. नायट्राइल हातमोजे घालून पिशवीबंद करा. आवारात ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याला हातच लावायचा नाही, तो वीज कंपनीच्या लोकांनी न्यायचा. बॅटऱ्या उभ्याच ठेवा, ॲसिड गटारात ओतू नका. एसीचा तांब्याचा पाइप पोरं सर्रास कापतात. आधी मेकॅनिक बोलावून गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्या. आर-२२ ओझोनला मारक, आणि नव्या मशिनमधला आर-३२ पेटतो.

रंगाचं लोक विसरतात. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे थर, विशेषतः ग्रिल आणि लोखंडी गर्डरवरचा शेंदरी प्रायमर, शिशाचे निघू शकतात. भिंतीवरचा रंग डेब्रिजबरोबर गेला तरी पाणी मारत राहा म्हणजे भागतं. खरा धोका गॅस कटरचा. रंगवलेल्या लोखंडावर ज्योत धरली की शिशाचा धूर थेट नाकात. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभर रंग ओला करून खरवडा, नाहीतर कटर बंद ठेवा आणि करवत वापरा.

तळमजल्यावरचे आणि वागळे इस्टेटमधले गाळे हा वेगळाच प्रकार. धातूला मुलामा देणारे प्लेटिंगवाले, सोनारकामवाले, रंगवाले येऊन गेलेले असतात आणि मागे पिंप राहतं. एका गाळ्यात बिगाऱ्याने बिनलेबलचं पिंप रिकामं करायला तिरकं केलं होतं, शेजारीच ॲसिडचा कॅन सांडलेला. मी ओरडलो म्हणून थांबला. प्लेटिंगच्या आणि सोनाराच्या गाळ्यात सायनाइड असू शकतं आणि त्याला ॲसिड लागलं तर जो वायू निघतो तो मिनिटांत माणूस मारतो. नियम साधा: लेबल नाही तर हात नाही. उघडायचं नाही, वास घ्यायचा नाही, ओतायचं नाही, दोन पिंपं एकत्र करायची नाहीत. गाळा बंद करून जुन्या भाडेकरूला गाठा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे किंवा नवी मुंबई प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा, गळती असेल तर माणसं लांब करून १०१.

सेप्टिक टँकमध्ये कुणीही उतरायचं नाही, टँकर लावून उपसायचा. सडक्या अंड्यांचा वास येतो आणि मग अचानक येईनासा होतो. तो वायू गेलेला नसतो, नाक मेलेलं असतं.

इमारत सी-१ वर्गात, म्हणजे लगेच रिकामी करून पाडायच्या अतिधोकादायक वर्गात असेल तर यातलं बरंच उलटं होतं. तडे गेलेल्या गच्चीवर पत्र्यासाठी माणूस पाठवायचा की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यायचं. त्याने नाही म्हटलं तर पत्रे जागेवरच राहू द्या, पाण्याचा मारा चालू ठेवून मशिनने पाडा आणि त्या भागाचं सगळं डेब्रिज ॲस्बेस्टॉस मिसळलेलं धरून वेगळं न्या. महाग पडतं. बिल्डर कुरकुरतो. कुरकुरू दे.

माल कुठे जातो? पत्रे आणि रसायनं तळोज्याच्या सामायिक घातक कचरा केंद्रात. तिथे नोंदणी आणि नमुन्याची तपासणी यात दिवस जातात, म्हणून अर्ज रहिवासी घर सोडायच्या आधीच टाका. गाडी परवानाधारक हवी आणि सोबत फॉर्म १०, घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतलं चलन. ट्यूब, बॅटऱ्या, चोक नोंदणीकृत रिसायकलरकडे, पावती घेऊन. चलनाची प्रत सोसायटीच्या फायलीत ठेवा, बिल्डरच्या नव्हे.

शेवटच्या दिवशी मी पुन्हा टॉर्च घेऊन चढतो, गच्चीपासून खाली. जिथे लाल स्प्रेचा फुल्ला आहे तिथे आता रिकामी खिळ्याची भोकं दिसली पाहिजेत. मीटर रूम, पंप रूम, लिफ्टची खोली, पोटमाळे. सगळे फुल्ले मोजून झाले की गॅसचा रायझर, म्हणजे उभा पाइप, तोडल्याचं आणि वीज कापल्याचं पत्र हातात आहे का ते पाहतो. मग भंगारवाल्याला फोन लावतो.