संशोधकाचा प्रभाव मोजायचा? आधी एकच शोधनिबंध धरा

सेमिनारसाठी माझ्याकडे येणारी मुलं आधी एच-इंडेक्स सांगतात, म्हणजे संशोधकाचे निबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले यावरून काढलेला आकडा. मी म्हणते, तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहा. संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स लायझरसन यांचंच घ्या. ते अल्गोरिदमच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचेही सहलेखक. त्या पुस्तकाला इतरांनी दिलेले संदर्भ आधी बाजूला काढा, नाहीतर त्यांचं समांतर संगणनातलं (अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबवण्याचं) काम त्याखाली झाकलं जातं.

मग त्यांचा एक निबंध, एक कल्पना धरा: १९८५चा 'फॅट-ट्री', म्हणजे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडणारं झाडासारखं जाळं. साध्या वृक्षरचनेत सगळी वाहतूक मुळाशी तुंबते. लायझरसननी वरच्या जोडण्या जाड केल्या, खऱ्या झाडाचा बुंधा असतो तशा.

आता विचारा, हे कुणी बांधलं का? थिंकिंग मशीन्स या कंपनीच्या सीएम-५ या महासंगणकात हेच जाळं होतं. माझ्या लेखी अशी एक यंत्रणा शंभर संदर्भांना भारी.

त्यानंतर पुढे चाला. २००८ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच रचना डेटा सेंटरसाठी मांडली, पण एका जाड बुंध्याऐवजी अनेक सारखे, स्वस्त स्विच वापरून. वडाच्या पारंब्याच म्हणा! किती संगणक जोडता येतात, हा हिशेब स्वतः करून पाहा: स्विचच्या पोर्टांचा (जोडणीच्या जागांचा) घन भागिले ४. ४८ पोर्टांचा स्विच असेल तर ४८चा घन भागिले ४, म्हणजे २७,६४८ संगणक.

मागेही जा. या मांडणीचं मूळ चार्ल्स क्लॉस यांच्या १९५३च्या टेलिफोन एक्स्चेंजवरच्या कामात सापडतं. श्रेय वाटताना तो रकाना रिकामा ठेवलात, तर मी वही परत करते.