गावाकडचे रेशन कार्ड ठाणे-नवी मुंबईत कसे वापरावे

वाशीच्या बाजार समितीत माथाडी म्हणून काम करणाऱ्या आणि कोपरखैरणे, तुर्भे किंवा घणसोलीला राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे रेशन कार्ड आजही सातारा-सांगलीकडच्या घरी, आईच्या ट्रंकेत असते. कार्ड गावाला आणि पोट इकडे, अशी ही स्थिती असल्यामुळे ही मंडळी महिन्याचा तांदूळ किराणा दुकानातून विकत घेतात आणि कोणी विचारलेच तर ‘आमचे कार्ड इथले नाही’ असे सांगतात. वास्तविक ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या दोन जोड्यांपासून सुरू झालेली ‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही, एका ठिकाणचे कार्ड दुसरीकडच्या दुकानातही चालवणारी व्यवस्था जून २०२२ मध्ये आसामचा समावेश झाल्यावर सर्व राज्यांत लागू झाली. तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही, नवे कार्ड काढावे लागत नाही आणि शुल्कही नाही.

मात्र ही सोय राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खालील लाभार्थ्यांपुरतीच आहे, म्हणजे प्राधान्य कुटुंबे (माणशी दरमहा ५ किलो) आणि अंत्योदय कुटुंबे (कार्डामागे दरमहा ३५ किलो). हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. कार्डाच्या रंगावरून येथे हमखास गोंधळ होतो. पांढऱ्या कार्डावर धान्य नाही, हे सर्वांना ठाऊक असते; पण केशरी कार्ड प्राधान्य यादीत असू शकते आणि नसूही शकते. म्हणून रंगाकडे न पाहता कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का ते पाहावे आणि गावच्या दुकानदाराला ‘आमचे कार्ड ऑनलाइन आहे का, किती युनिट (म्हणजे माणसे) दिसतात’ हे फोन करून विचारावे. त्याच फोनमध्ये कार्डाचा बारा अंकी क्रमांक लिहून घ्यावा, कारण पुढचे सगळे काम त्या क्रमांकावर चालते. ‘मेरा राशन’ या सरकारी अ‍ॅपवरही कार्डाचा तपशील आणि जवळची दुकाने पाहता येतात.

यानंतर आपल्या वस्तीजवळच्या कोणत्याही शिधावाटप दुकानात जावे. दुकानदार ई-पॉस मशीनमध्ये तो बारा अंकी किंवा आधार क्रमांक टाकतो, पडद्यावर कुटुंबातील नावे येतात, हजर असलेल्या व्यक्तीचे नाव निवडले जाते आणि ती अंगठा लावते. कार्डाशी आधार जोडलेला कोणताही एक सदस्य साऱ्या कुटुंबाचे धान्य उचलू शकतो, त्यामुळे कुटुंबप्रमुखाला गावाहून बोलावण्याची गरज नसते. मशीनमधून निघणारी पावती मागून घ्यावी आणि दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच वाचावी. तिच्यावर गहू आणि तांदूळ किती किलो दिला हे स्वतंत्रपणे छापलेले असते, आणि पिशवीतले वजन त्याच्याशी जुळले पाहिजे. पावती मागणाऱ्याला वजन सहसा बरोबर मिळते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांचे निम्मे कुटुंब गावी आणि निम्मे शहरात आहे, त्यांच्यासाठी या व्यवस्थेतील सर्वात उपयोगाची आणि सर्वात कमी माहीत असलेली सोय म्हणजे धान्याची विभागणी. समजा प्राधान्य कार्डावर सहा नावे आहेत. आई-वडील आणि थोरला भाऊ गावी राहतात, तर धाकटा भाऊ पत्नी व मुलासह तुर्भ्यात. महिन्याला एकूण ३० किलो धान्य देय असताना धाकट्याने तुर्भ्यात फक्त १५ किलो उचलावेत. उरलेले १५ किलो गावच्या दुकानात शिल्लक दिसतात. यात धोका एवढाच की दुकानदाराने न विचारता पूर्ण ३० किलोंची नोंद केली, तर गावी आई रांगेत उभी राहून रिकाम्या पिशवीने परत येते. त्यामुळे ‘एवढेच किलो द्या’ हे अंगठा लावण्याआधी स्पष्ट सांगावे आणि पहिल्या महिन्यात गावी तसा निरोपही द्यावा.

‘बाहेरचे कार्ड आमच्याकडे चालत नाही’ किंवा ‘कोटा संपला’ अशी उत्तरे मिळतात, आणि त्यांतले दुसरे कधी कधी खरेही असते. दुकानाला धान्याचे नियतन, म्हणजे महिन्याचा ठरलेला साठा, मुख्यतः त्याला जोडलेल्या कार्डांच्या हिशेबाने येते. बाहेरच्या कार्डधारकांनी उचललेल्या धान्याची भरपाई पुढे होते. ज्या वस्तीत बाहेरगावचे लोक अधिक, तेथे महिनाअखेरीस पोती संपतात. म्हणून धान्य आल्याचे कळताच पहिल्या काही दिवसांत जावे आणि एका दुकानात नसेल तर दुसऱ्यात विचारावे. पहिले उत्तर मात्र सरळ नियमबाह्य आहे. ते मिळाल्यास फलकावरचा दुकान क्रमांक व दिनांक टिपून १९६७ किंवा १८०० २२ ४९५० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. परराज्यातील कार्डासाठी १४४४५ हा मदत क्रमांक आहे.

अंगठा न उमटणे ही दुसरी अडचण. पोती वाहून, सिमेंट कालवून किंवा दिवसभर धुणी-भांडी करून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन ‘जुळत नाही’ म्हणते. अशा वेळी हात धुऊन कोरडे करावेत आणि दुसरे बोट लावून पाहावे. मशीनला डोळ्यांचा स्कॅनर जोडलेला असल्यास बुबुळावरून पडताळणी करून घ्यावी. तेही जमत नसल्यास घरातील दुसऱ्या सदस्याने जावे, आणि सवडीने आधार केंद्रावर बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्यावेत. आधार पडताळणी झाल्याशिवाय दुसऱ्या गावच्या कार्डावर धान्य मिळत नाही, एवढे गृहीत धरूनच निघावे.

ई-केवायसी, म्हणजे कार्डावरील सदस्यांची आधारवरून ओळख पटवणे, हे वेगळे काम आहे आणि ते प्रत्येक सदस्याने करायचे असते. त्यासाठी गावी जाण्याचे तिकीट काढू नये. ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील कोणत्याही रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावून ते होते. शिवाय २०२५ मध्ये केंद्राने वितरणाच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सलग सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते निष्क्रिय होऊन चौकशीत जाते. ‘गावचे कार्ड आहे, राहू दे पडून’ म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट गंभीर आहे. दर महिन्याला जमत नसले, तरी अधूनमधून उचल झालीच पाहिजे.

कायमचे स्थलांतर करताना मात्र घाई करू नये. गावच्या कार्डातून नाव कमी करून दाखला घेणे आणि येथील कार्यालयात नव्या कार्डासाठी अर्ज करणे ही रीत सर्वांना ठाऊक असते. पण नवे कार्ड मिळाले म्हणजे धान्य सुरू झाले, असे नाही. प्राधान्य यादीसाठी प्रत्येक क्षेत्राला लाभार्थ्यांचा ठरावीक इष्टांक असतो, आणि तो भरलेला असल्यास हातात कार्ड असूनही धान्यासाठी थांबावे लागते. मर्यादाही तपासून घ्यावी: प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजार, तर शहरी भागात ५९ हजार रुपयांपर्यंत असावे लागते. माझ्या मते गावी एकही माणूस उरला नसेल आणि येथे राहण्याचा पक्का पुरावा असेल तरच नाव हलवावे. नाही तर गावचे कार्ड ठेवून धान्य येथे उचलणे हेच शहाणपणाचे. दोन्हीकडे नाव ठेवणे हा पर्याय नाही, कारण आधारमुळे दुबार नाव सापडते आणि दोन्हीकडचे अडकते.

अर्ज करायचाच असेल तर कार्यालय कोणते हे आधी पाहावे. ठाणे शहर, ऐरोली, वाशी, नेरूळ हा भाग मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात येतो आणि तेथे शिधावाटप अधिकारी काम पाहतो. खारघर, कामोठे नवी मुंबईतलेच वाटले तरी ते रायगड जिल्ह्यात आहेत आणि त्यांचे काम पनवेलकडे जाते. नेरूळहून खारघरला खोली बदलणाऱ्याचे कार्यालय खाडीच्या पुलाबरोबर बदलते. नुसते धान्य घेण्यासाठी मात्र या हद्दी आड येत नाहीत.

परराज्यात जाताना एवढे ध्यानात ठेवावे की तेथे फक्त केंद्राच्या योजनेतील धान्य मिळते. आपल्या राज्याने जोडलेली साखर किंवा सणाचा शिधा तेथे मागता येत नाही. बरोबर गरोदर स्त्री किंवा सहा वर्षांखालील मूल असल्यास अंगणवाडीचा पोषण आहार रेशनपासून निराळा असतो. त्यासाठी निघण्यापूर्वी गावच्या अंगणवाडी सेविकेला सांगून ठेवावे आणि नव्या वस्तीतील सेविकेकडे आधार कार्ड घेऊन जावे, म्हणजे पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवरील नोंद तिला आपल्या केंद्रात वळती करून घेता येते.