किडनी बदलल्यावर मूळ आजार उलटला तर: साताऱ्याहून पुण्याला निघण्याआधी

बदललेल्या किडनीत मूळचाच आजार उलटलाय अशी शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली, की कपड्यांची पिशवी राहू द्या, आधी जुनी फाईल शोधा. त्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ट्रान्सप्लांटच्याही आधीचा, स्वतःच्या किडनीचा बायोप्सी रिपोर्ट (किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीचा). मूळ आजार एफएसजीएस, आयजीए नेफ्रोपॅथी की मेम्ब्रेनस (किडनीच्या गाळण्यांचे हे वेगवेगळे आजार), यावर पुढचे उपचार ठरतात. एफएसजीएस ट्रान्सप्लांटनंतर काही तासांत किंवा दिवसांत उलटू शकतो, आयजीए सहसा सावकाश डोकं वर काढतो. रिपोर्ट सापडत नसेल तर जिथे तपासणी झाली त्या लॅबकडे ब्लॉक आणि स्लाइड (जपून ठेवलेला तुकडा आणि त्याच्या काचा) मागा. बायोप्सी झालीच नव्हती, असं पुष्कळांचं असतं. तसं असेल तर तेही स्पष्ट सांगा.

लघवीला फेस कधीपासून येतोय, पाय कधी सुजले, रोजचं वजन आणि बीपी किती, हे एका वहीत लिहा. लघवीतल्या प्रोटीनचे आणि रक्तातल्या क्रिएटिनिनचे (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) जुने आकडे तारखेनुसार लावा. एकट्या आकड्यापेक्षा तो किती वेगाने चढला, हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची) रक्तातली पातळी बघायची असेल तर रक्त सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचं असतं. म्हणून सकाळची गोळी खिशात ठेवा. खंबाटकी घाटात गाडी अडकली म्हणून ती वाटेतच घेऊन टाकू नका. रक्त दिलं की लगेच घ्या. रात्रीची गोळी किती वाजता घेतली तेही लिहून ठेवा. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

नव्या किडनीची बायोप्सी ठरली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते आधीच सांगा. एफएसजीएसचा संशय असेल तर तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठीही (फार बारीक बदल दाखवणाऱ्या तपासणीसाठी) पाठवणार का, हे जरूर विचारा. सुरुवातीला साध्या मायक्रोस्कोपखाली किडनी ठीकठाक दिसू शकते.

उपचार म्हणून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव भाग) यंत्राने बदलायचा म्हटला की एका फेरीत भागत नाही. मुक्कामाची सोय करा, सोबतीला आळीपाळीने येणारी माणसं ठरवा. उपचार चालू असताना ओठांभोवती मुंग्या आल्या तर सहन करत बसू नका, सिस्टरना सांगा. कॅल्शियम उतरल्याची ती खूण असते. बीपीच्या गोळ्यांपैकी कुठली आदल्या दिवशी थांबवायची ते विचारून घ्या. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देणार असतील तर हिपॅटायटिस बीची तपासणी आधी व्हायला हवी.

रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं, काय नाही, हे औषध सुरू होण्यापूर्वी कळलेलं बरं.

किडनी आईने दिली असेल तर तिला नीट समजावून सांगा, की हा आजार तिच्या किडनीने आणलेला नाही. ‘माझं देणं वाया गेलं’ असं ती मनाला लावून घेते आणि कुणाजवळ बोलत नाही. तिची वर्षाची लघवी, बीपी, क्रिएटिनिनची तपासणी राहिली असेल तर त्याच फेरीत करून घ्या.