आंब्याचा पैसा वर्षभर कसा पुरवावा

देवगड असो की रत्नागिरी, बागायतदाराच्या घरात पैसा येतो तो मुख्यतः मार्च ते मे. खर्च मात्र बारा महिने. वाण्याची उधारी "आंबा झाला की देतो" एवढ्या शब्दावर चालायची, तेव्हा हे निभावायचं. आता मोबाइलचं रिचार्ज 28 दिवसांनी संपतं (म्हणजे वर्षाला 12 नव्हे, 13 रिचार्ज), गाडीचा हप्ता 5 तारखेला कापला जातो. यातलं कोणी आंब्यासाठी थांबत नाही. तेव्हा हंगामाच्या पैशातून घराला दरमहा पगार लावून घ्यावा.

हिशेबाला मेअखेरीस बसा. दलालाकडचं येणं धरू नका. पट्टी (दलालाने दिलेला विक्रीचा हिशेब) हातात पडली तरी पैसे लांबू शकतात, आणि आगाऊ उचल घेतली असेल तर हमाली-भाड्याबरोबर तीही वळती होते. खात्यात जमा झालं तेवढंच आपलं.

समजा 4,20,000 जमा झाले. आधी पुढच्या हंगामाचा खर्च बाजूला काढा: खत, फवारण्या, साफसफाई, राखण, गडी, पेट्या. अंदाजाने नको, यंदाची बिलं बेरजेला घ्या. 1,80,000 झाले असतील तर तेवढे घरखर्चाचे नव्हेतच. बहुतेक घरं इथेच घसरतात. मोहोराच्या फवारणीला पैसा लागतो तेव्हा गाठ रिकामी असते, मग उचल घ्यावी लागते आणि भाव काहीही असो, माल उचल देणाऱ्या दलालाच्याच गाळ्यावर जातो. किसान क्रेडिट कार्ड असेल तर कर्ज हंगामात भरून टाका, लागेल तसं पुन्हा काढा. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज 7 ऐवजी 4 टक्के पडतं. दलालाची उचल बिनव्याजी दिसते, पण तिचं व्याज भावात जातं.

उरले 2,40,000. त्यातून वर्षाचे ठोक खर्च वजा करा: शाळा 18,000, घराची शाकारणी 15,000, विमा 14,000, गणपती 25,000. एकूण 72,000. राहिले 1,68,000, म्हणजे महिना 14,000. हा आकडा पुरणार नसेल तर ते जूनमध्ये कळलेलं बरं. जानेवारीत कळून हाती काही राहत नाही.

आता खाती. दोन हवीत, शक्यतो वेगळ्या बँकांत. पहिलं तिजोरीचं: त्याला यूपीआय जोडू नका, कार्ड घरात ठेवा. दुसरं खर्चाचं, मोबाइलवर तेच. तिजोरीत जूनचे आणि जुलैचे मिळून 28,000 ठेवा. बाकी 1,40,000 च्या 28,000 च्या पाच मुदत ठेवी करा: 2, 4, 6, 8 आणि 10 महिन्यांच्या. सगळी रक्कम एकाच ठेवीत टाकली तर अडीअडचणीला ती पूर्ण मोडावी लागते. अशी वाटली तर एकच मोडते. ठेव करताना 'ऑटो रिन्यूअल' बंद आहे ना, हे पाहून घ्या. नाहीतर मुदत संपली की पैसे परस्पर पुन्हा अडकतात.

तिजोरीतून खर्चाच्या खात्यात दरमहा 14,000 जातील अशी स्थायी सूचना बँकेला द्या. तारीख 3 ठेवा. 1 तारखेला ठेव सुटायची असेल आणि सूचनाही त्याच दिवसाची असेल, तर शिल्लक कमी म्हणून ती फसू शकते. 5 नंतर ठेवली तर गाडीचा हप्ता परत जाऊन दंड बसतो.

गणपतीच्या 25,000 ची ठेव वेगळी करा आणि दरवर्षी पंचांग बघून मुदत ठरवा. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 ला 14 सप्टेंबरला. चाकरमानी उतरायच्या पंधरा दिवस आधी पैसे हाताशी हवेत, कारण किराणा तेव्हाच भरायचा असतो.

किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट बरं, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलंच आधी पैसे भरून ठेवायचं छोटं पाकीट. सोमवारी 1,000 भरा, आठवडा त्यातच काढा. आपोआप भरणा बंद ठेवला नाही तर या सगळ्याला अर्थ उरत नाही. एक खोच आहे: लाइटवरचा प्रत्येक खर्च पासबुकात येत नाही, फक्त भरलेली रक्कम दिसते. चहा, वडापाव कुठे किती गेला ते अ‍ॅपमध्येच पाहावं लागेल. तिथेच ऑटोपेची यादी उघडून बघा. आयपीएलपुरतं घेतलेलं एखादं अ‍ॅप दिवाळीतही पैसे कापत असतं.

पावसाळ्याची बेगमी हीसुद्धा बचतच. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजं मासं महाग. सोडे, जवळा, सुके बोंबील मेमध्येच घ्या. घेतलेला माल पुन्हा दोन कडक उन्हं दाखवून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सोडा कटकन मोडला पाहिजे. वाकला तर ओल आहे, आणि आषाढात त्याला बुरशी धरणारच.

शिवाय घरात 3,000 रुपये रोख असू द्या, 50 आणि 100 च्या नोटांत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. टॉवर पडला की क्यूआर कोडचा कागद भिंतीवर नुसता चिकटलेला राहतो, आणि दुकानदाराकडेही सुटे नसतात.