पहिल्या दिवशी पुस्तक दप्तरातच राहू दे

गोव्यात, फोंड्याला घरी शिकवणी घ्यायला लागून मला अकरा वर्षं झाली. एका वेळी एकच मूल, एक तास. नव्याने सुरुवात करणाऱ्या मुली विचारायला येतात, 'बाई, कुठून सुरू करू?' त्यांना मी सांगते, पहिला तास त्या मुलाला बोलतं करण्यात घालव. कुठे अडतंय ते कळल्याशिवाय शिकवायला बसू नकोस.

आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणी शाळेत असतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. मग आई सांगत येते, 'बाई, हिचं गणित कच्चं आहे.' तेवढ्यावर जायचं नाही. अशीच पाचवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. वहीत इंग्रजीतलं उदाहरण होतं: रवीकडे १५ आंबे आहेत, ते सीमाच्या आंब्यांपेक्षा ६ ने कमी आहेत, तर सीमाकडे किती? तिने झटकन ९ लिहिले. 'लेस' दिसलं की वजाबाकी, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. मी वही मिटली आणि विचारलं, 'तुझ्याकडे पंधरा आंबे. भावापेक्षा सहा कमी मिळाले तुला. मग भावाला किती?' 'एकवीस,' ती म्हणाली, आणि वर 'त्याला नेहमीच जास्त मिळतात' हेही सांगितलं. गणित येत होतं, वाक्य अडत होतं. पुढचे तीन आठवडे आम्ही एकही उदाहरण सोडवलं नाही. नुसतं वाचायचं आणि काय दिलंय, काय विचारलंय ते आपल्या भाषेत सांगायचं.

त्याच वर्षी आलेल्या मुलाला हा उपाय लावून काही उपयोग झाला नसता. तो 'एकोणसाठ' ऐकलं की ६९ लिहायचा, कारण कानावर 'साठ' पडतो. पंचवीसचे कधी ५२ व्हायचे. मराठीत पाच आधी येतात आणि वीस मागून, इंग्रजीत नेमकं उलट. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी रीत आणली तेव्हा केवढा वाद झाला. ती रीत पटो न पटो, मुलांची अडचण खरी आहे. मी काडेपेट्या आणल्या. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे रबराने बांधले आणि म्हटलं, 'साठाला एक कमी कर.' त्याने सहावा गठ्ठा हातात घेतला, रबर काढलं, एक काडी बाजूला ठेवली आणि उरलेल्या नऊ काड्यांकडे बघत राहिला. 'म्हणजे सहावा मोडला,' तो म्हणाला. त्यानंतर एकोणसाठ चुकला नाही.

पण काड्यांनी काम झालं म्हणून 'हा मुलगा हातानेच शिकतो' असा शिक्का मारू नका. ही चूक मी केली आहे. एका मुलाला मी 'चित्रांतून शिकणारा' ठरवलं आणि दोन महिने त्याला रंगीत तक्ते करून दिले. परीक्षेत तक्ते नव्हते, आणि त्याला काही आठवलं नाही. त्याला हवा होता तो न बघता आठवून लिहायचा सराव. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे अशी मुलांची वाटणी करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार नाही, असं मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीचं संशोधन तपासून मांडलं होतं. मला ते फार उशिरा वाचायला मिळालं. पद्धत मुलावर नाही, त्याच्या त्या दिवसाच्या अडचणीवर बेतायची.

आणि 'कळलं का?' हा प्रश्न सोडून द्या. आपली मुलं मान हलवतात, 'कळ्ळें बाई' म्हणतात आणि सुटका करून घेतात. त्याऐवजी म्हणा, 'आता तू मला शिकव.' मग थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येत होती. माझ्याकडच्या एका अबोल मुलीला तर त्याहून बराच वेळ लागायचा. आम्ही दोघी गप्प, बाहेर पागोळ्या गळताहेत, आणि मला शब्द तोंडात दाबून धरावे लागायचे. पण ती बोलायची तेव्हा पूर्ण वाक्यात बोलायची.

प्रत्येक मुलाची एक वेगळी वही ठेवा. मी तास संपल्यावर दोनच ओळी लिहिते: आज कुठे अडलं, कशाने सुटलं. पालकांना गुणांऐवजी याच ओळी वाचून दाखवते. सुरुवातीला ते नाराज होतात, कारण त्यांना किती धडे झाले ते हवं असतं. तरीही दाखवा. फीचं मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या, आणि गणेश चवथीच्या सुटीचे तास कसे धरायचे तेही.

आंबेवाली मुलगी आता सातवीत आहे. गेल्या चवथीनंतर मी तिला आठवड्यातून एकच दिवस बोलावते. तिच्या आईला वाटलं, माझ्याकडे वेळ नाही. मी वही उघडून दाखवली: 'कुठे अडलं' याखाली महिनाभर काही लिहिलेलं नव्हतं.