हवामान आराखड्यावर सूचना पाठवायचीय? ‘नोंद घेतली’च्या पुढे जाईल अशी लिहा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानात, कोपऱ्यात महापालिकेची जाहीर सूचना असते: हवामान कृती आराखड्याचा (म्हणजे हवामान बदल रोखण्याच्या आणि त्याला तोंड देण्याच्या शहराच्या योजनेचा) मसुदा तयार आहे, नागरिकांनी आपल्या सूचना अमुक तारखेपर्यंत पाठवाव्यात. बहुतेक जण पान उलटतात. जे लिहितात त्यांतलेही बरेच जण ‘झाडे लावा, प्रदूषण थांबवा’ एवढ्यावर थांबतात. अशा पत्रावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो आणि विषय मिटतो. अधिकाऱ्याचा आळस हे त्याचं एकमेव कारण नाही. त्या पत्रावरून मसुद्यातली कुठली ओळ बदलायची, हेच त्याला कळत नाही.

आधी एक फरक लक्षात घ्या. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवणं आणि त्यांवर सुनावणी घेणं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने बंधनकारक आहे. हवामान आराखड्याला त्या कायद्याचं पाठबळ नाही. म्हणून कागद जपणं ही आपलीच जबाबदारी.

मसुदा फक्त इंग्रजीत असेल तर पहिलं पत्र त्याबद्दलच द्या: मराठी प्रत काढा आणि मुदत वाढवा. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी वापरण्याबद्दल २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला आहे, त्याचा हवाला द्या.

मग वाचन. सगळा मसुदा वाचायचा हट्ट धरू नका, दुसऱ्या प्रकरणातच झोप लागते. मुंबईचंच उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात सहा विषय आहेत: ऊर्जा व इमारती, वाहतूक, घनकचरा, हिरवाई व जैवविविधता, हवेची गुणवत्ता, पूर व जलव्यवस्थापन. आपल्या रोजच्या जगण्याला भिडणारा एकच विषय निवडा आणि त्यातले तक्ते आधी पाहा. कोणतं काम, कोणतं खातं, कोणतं वर्ष, हे तिथेच सापडतं. सापडलं नाही, तर तीच तुमची पहिली सूचना.

आकड्यांना घाबरू नका, ते उपयोगी पडतात. मुंबईचं २०१९ चं हरितगृह वायूंचं (हवा तापवणाऱ्या वायूंचं) उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होतं. त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा, तोही मुख्यतः विजेचा, आणि साधारण २० टक्के वाहतुकीचा. म्हणजे फक्त वृक्षारोपण मागणारं पत्र मूळ दुखण्याला हातच लावत नाही. (सावलीसाठी झाडं जरूर मागा, पण मग सावलीसाठी म्हणूनच मागा.) उद्दिष्टंही टप्प्यांची आहेत: २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के, २०५० ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढे वायू सोडले तेवढेच शोषले जातील अशी स्थिती. २०५० पर्यंत आज सह्या करणारे बहुतेक साहेब निवृत्त झालेले असतील. आपण २०३० बद्दल विचारायचं, आणि त्याहून नेमकं म्हणजे येत्या मार्चपर्यंत काय करणार ते.

आता पुरावा. तो आपल्या गल्लीतच असतो. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं, ते मुंबईतल्या कितीतरी इमारतींतले रहिवासी आजही भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. तिथे टेप लावा, फोटो काढा, तारीख लिहा. दरवर्षी कोणत्या झाकणापाशी आधी तुंबतं, ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा. उन्हाचा विषय असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या घरात आणि बाहेर झाडाखाली तापमापक ठेवून आठवडाभर नोंदी करा. वहीचं एक पान भरलं तरी पुरे.

पत्राची मांडणी साधी ठेवा. नमुना असा:

‘मसुद्यातील पान क्र. __, उष्णतेविषयीचे प्रकरण. यात बसथांब्यांचा उल्लेख नाही. आमच्या शाळेसमोरच्या थांब्यावर छप्पर नाही, सोबत फोटो व दुपारच्या तापमानाच्या नोंदी जोडल्या आहेत. “प्रभागातील छप्पर नसलेल्या थांब्यांची यादी करून ती कामे __ सालापर्यंत पूर्ण करावीत” असे वाक्य समाविष्ट करावे. जबाबदार खाते व अंदाजपत्रकातील लेखाशीर्ष नमूद करावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकात त्या कामाचे पैसे ज्या नोंदीखाली ठेवतात ती. तरतूद नसलेलं काम कागदावरच राहतं. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा (अंदाजपत्रकातला कोणता पैसा हवामानाच्या कामांवर जातो, याचा) स्वतंत्र अहवाल काढला, त्यामुळे तिथे पैशांचा प्रश्न नेमकेपणाने विचारता येतो. तुमच्या शहरात असा अहवाल नसेल, तर तो मागा.

एका पत्रात एकच मागणी ठेवा. सोसायटी, बचत गट, रिक्षा स्टँड यांची पत्रं वेगवेगळी जाऊ द्या. एकाच मजकुराच्या पन्नास प्रती गेल्या, तर ती एकच सूचना म्हणून मोजली जाण्याची भीती असते.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, मी देतो पुढे’ या शब्दावर विसंबून मी एकदा पत्र ठेवून आलो होतो. महिन्याने त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती. ईमेल केलात तरी कागदी प्रत द्याच.

अंतिम आराखडा आला की आपलं पान उघडा. बदल दिसला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझी सूचना का नाकारली?’ असं विचारलंत तर कारणं देणं आमच्या कक्षेत येत नाही असं उत्तर येऊ शकतं. त्याऐवजी ‘आवक क्र. __ च्या पत्रावरील सर्व टिप्पण्या व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. त्या प्रतींवरून पत्र कोणाच्या टेबलावर अडकलं ते दिसतं, आणि पुढचं पत्र थेट त्याच टेबलाच्या नावाने लिहिता येतं.