किती शेअर घ्यायचे, ते आधी ठरवा

डिमॅट खातं आहे, डिलिव्हरी आणि इंट्राडेतला फरक कळतो आणि बाजारात टाकलेला पैसा घराच्या हप्त्याचा नाही, हे धरून चालतो. नसेल तर इथेच थांबा.

पद्धत निवडताना आधी स्वतःचं घड्याळ बघा. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. सव्वानऊला तुम्ही डोंबिवली फास्टमध्ये कडीला लटकलेले असाल, तर इंट्राडेचा नाद सोडा. कुर्ल्याला लोंढा चढला की मोबाईल खिशातून काढता येत नाही, सौदा कसला काढताय? नोकरदाराला स्विंग, म्हणजे शेअर घेऊन काही दिवस-आठवडे ठेवणं, बरं : रात्री जेवणानंतर रोजचा चार्ट बघायचा, सकाळी ऑर्डर लावून कामाला लागायचं. माझा नियम साधा आहे. शेअर गेल्या वीस दिवसांच्या उच्चांकावर बंद झाला की घ्यायचा, आधीच्या खालच्या टोकाखाली स्टॉप लॉस, म्हणजे भाव तिथवर पडला की विकून बाहेर पडायची ऑर्डर. तुमचा नियम वेगळा असू द्या, पण एकच ठेवा आणि जुन्या पन्नास चार्टवर हाताने तपासून बघा.

फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे करार, त्यांबद्दल एकच आकडा सांगतो. बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला : शंभरातल्या 93 वैयक्तिक ट्रेडरांना तोटा. पुढे तुमची मर्जी.

आता खरा अवघड भाग. शेअर कोणता, कधी घ्यायचा यावर सगळे तासन् तास बोलतात. किती घ्यायचे यावर कुणी बोलत नाही. मीही पहिली दोन वर्षं ‘शंभर म्हणजे शंभर’ करत होतो. शेअर 90 रुपयांचा असो की 1,400 चा, संख्या तीच. एकदा सहा सौद्यांत मिळून नऊ हजार कमावले आणि सातव्यात अकरा हजार घालवले, तेही स्टॉप लॉस लावून! 1,400 ला घेतलेला, स्टॉप 1,290 वर. 110 रुपये गुणिले शंभर. ही गुणाकाराची ओळ मी आधी मांडलीच नव्हती.

ती अशी मांडा. भांडवल 2 लाख. एका सौद्यात जास्तीत जास्त 1 टक्का जाऊ द्यायचा, म्हणजे 2,000 रुपये. शेअर 480 ला घेताय, चार्टप्रमाणे स्टॉप 464. फरक 16. दोन हजार भागिले सोळा, 125 शेअर. रक्कम 60,000. संपला हिशेब.

हा क्रम उलटा करू नका. आधी मनात ‘दोनशे घेऊ’ ठरवायचं आणि मग तोटा दोन हजारांत बसावा म्हणून स्टॉप 470 वर ओढायचा, हे मी कितीदा केलंय. चार्टला तुमच्या दोनशेचं काही पडलेलं नसतं. भाव नेहमीच्या हालचालीत 469 ला जाऊन परत वर येतो आणि तुम्ही बाहेर. दुसरी फसगत म्हणजे खरेदीच्या भावाखाली जेमतेम दोन रुपयांवर स्टॉप. हिशेबाने हजार शेअर येतात, म्हणजे 4 लाख 80 हजार, भांडवलाच्या दुपटीहून जास्त. म्हणून एका शेअरात भांडवलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये.

एक टक्का फार कमी वाटतो? ओळीने दहा सौदे चुकतात, चुकणारच. प्रत्येकी 1 टक्का गेला तर 2 लाखांचे साधारण 1 लाख 81 हजार उरतात. 10 टक्के गेला तर सत्तर हजारांच्याही आत, आणि मूळ रकमेवर परत यायला उरलेल्याची जवळजवळ तिप्पट करावी लागते. 

पाच बँकांचे शेअर घेऊन ‘माझी जोखीम विभागलेली आहे’ म्हणू नका. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं की पाचही एकाच दिशेला पळतात. तो एकच सौदा धरा आणि तो एक टक्का पाचांत वाटा.

स्टॉप लॉस लावला म्हणजे सुटलो, हेही खरं नाही. मी एकदा ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) 464 आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही) 463.50 लावली होती. भाव थेट 458 वर आला, ऑर्डर तशीच पडून राहिली आणि मला संध्याकाळी गाडीत कळलं. लिमिट ट्रिगरपासून ऐसपैस खाली ठेवा. साधी ऑर्डर साडेतीनला रद्द होते. रोज लावा, नाहीतर जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव येईपर्यंत दिवसामागून दिवस टिकणारी ऑर्डर, वापरा. रात्रीत भाव कोसळला तर जीटीटीही वाचवत नाही. 23 मार्च 2020 ला बाजार खालीच उघडला, 10 टक्क्यांचं सर्किट (ठरावीक घसरणीला बाजार थांबवणारी मर्यादा) लागून 45 मिनिटं सौदेच बंद. म्हणून कंपनीचा निकाल असेल त्याच्या आदल्या दिवशी मी निम्मे तरी विकतो.

पडत्या भावात ॲव्हरेज करू नका, म्हणजे सरासरी भाव खाली आणायला आणखी शेअर घेऊ नका. ग्रुपवरच्या टिपा म्यूट करा. महिन्यात 6 टक्के गेले की महिनाअखेरपर्यंत ॲप उघडायचं नाही.

संख्येचा हिशेब मी अजून वहीच्या मागच्या पानावर पेनाने करतो. ॲपमध्ये कॅल्क्युलेटर आहे, पण तिथे 125 च्या जागी माझा हात आपोआप 200 टाईप करतो.